कारखान्याचे बिऱ्हाड

नवे कॉम्प्युटर सोमवारी सकाळी आले, आणि त्यांच्यावर मास्तर चालणार नाहीत हे नेल्मा पोमाच्या ध्यानात यायला दुपारही व्हावी लागली नाही. खरे तर चालणार नव्हता तो मास्तरांचा कारखाना. पण पाणी सहकारी संस्थेच्या त्या तीन खोल्यांच्या कार्यालयात या दोन गोष्टींमध्ये कुणी फरक करत नसे.

मास्तर म्हणजे एलेउतेरिओ चुकिमिया. वय एकसष्ट, उंची बेताची, बाराही महिने अंगात तोच तपकिरी विणीचा स्वेटर. ला पाझच्या एका उभ्या चढावरच्या अकरा हजार चारशे घरांना पाणी देणाऱ्या त्या संस्थेचे प्रोग्रॅम ते एकोणीस वर्षे लिहीत आले होते, आणि ते लिहिण्यासाठी लागणारी हत्यारेही त्यांनी स्वतःच घडवली होती. 'तेरो' नावाचा एक जुना, साधा एडिटर होता. काळी खिडकी आणि हिरवी अक्षरे, एवढाच त्याचा संसार. त्याच्या पोटात मास्तरांनी तुकड्या-तुकड्याने एक अख्खा कारखाना उभारला. प्रोग्रॅम तिथेच लिहायचा, तिथेच तपासायचा, जुन्या प्रती तिथेच सांभाळायच्या आणि सभासदांच्या फोनवर जाणारे 'उद्या पाणी नाही', 'परवाही नाही' असले निरोपही तिथूनच एका बटणाने पाठवायचे. कारखान्यातल्या प्रत्येक भागाला त्यांनी आपल्या नात्यातल्या कुणाचे तरी नाव दिले होते. चुका शोधून काढणाऱ्या भागाचे नाव 'होर्तेन्सियामावशी'. निरोप घेऊन जाणाऱ्याचे नाव 'कोम्पाद्रे', म्हणजे पोराचा धर्मपिता. हा कोम्पाद्रे निरोप नेण्यापूर्वी "नक्की पाठवू ना?" असे कधी विचारत नसे. नेल्माने नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात त्याबद्दल शंका काढली होती, तेव्हा मास्तर दुखावलेल्या स्वरात म्हणाले होते, "आपल्या पोराच्या बाप्तिस्म्याला जो उभा राहिला, त्याला दहादा विचारायला लावायचं का, पोरी? विश्वास म्हणून काही असतो."

संस्थेच्या व्यवस्थापक ग्रासिएला उरिओस्तेबाई मूळच्या सुक्रेच्या. बोलणे मोजके आणि घड्याळ बिनचूक. त्यांनी दोघांना केबिनमध्ये बोलावले.

"हा तेरो नव्या मशीनवर का चालत नाही?"

"त्याला आता कुणी वाली उरलेला नाही, बाई," नेल्मा म्हणाली. "जो म्हातारा तो सांभाळत होता, त्यानं शेवटची आठ वर्षं त्यात कुणाला काही बदलूच दिलं नाही. मग त्याच्या हाताखालच्या लोकांनी सगळ्या कोडची नक्कल केली आणि वेगळी चूल मांडली. त्यांचा एडिटर म्हणजे गार्सा. तो नव्या मशीनवर छान चालतो."

"मग कारखाना गार्सावर न्या."

मास्तरांनी स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. "बाई, ते चोरांचं घर आहे."

"चोरी कसली, मास्तर? कोड सगळ्यांसाठी खुला होता."

"दार उघडं दिसलं म्हणून कुणाची भांडीकुंडी उचलून न्यायची नसतात."

"भांडी उचललीच नाहीत त्यांनी," नेल्मा म्हणाली. "तशीच दुसरी करून घेतली. म्हाताऱ्याची भांडी म्हाताऱ्याच्या घरात जशीच्या तशी आहेत."

"तेच तर जास्त लागतं ना मनाला!"

ज्या माणसांच्या भाऊबंदकीत मास्तर इतक्या निष्ठेने थोरल्या पातीच्या बाजूने उभे होते, त्यांपैकी एकालाही त्यांनी कधी पाहिलेले नव्हते. ते सगळे कुठल्या देशात राहतात हेही त्यांना नक्की ठाऊक नव्हते. पण निष्ठेला असल्या तपशिलांची गरज नसते.

उरिओस्तेबाईंनी कॅलेंडर पुढे ओढले. "सहा आठवडे आहेत. कार्निवालच्या आधीचा शुक्रवार. सकाळी अकरा. त्या दिवशी सांता क्रूसहून तयार पॅकेज विकणाऱ्या कंपनीचा माणूस येतोय. कारखाना नव्या मशीनवर चालताना दिसला, तर त्याला चहा पाजून परत पाठवू. नाही दिसला, तर पॅकेज घेऊ. पॅकेज आलं की प्रोग्रॅमर एकच पुरतो."

"आणि दुसरा?" मास्तरांनी विचारले.

"निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत ना? तक्रारींच्या खिडकीवर जागा आहे."

तक्रारींच्या खिडकीवर याआधी बसलेला गृहस्थ हल्ली चर्चमध्येसुद्धा मागच्या दाराजवळच बसे.

अशा रीतीने कारखान्याचे बिऱ्हाड हलवायचे काम नेल्माच्या अंगावर पडले. अकरा हजार ओळींचा तो कोड होता. गार्सावाल्यांनी घर तेच ठेवले होते, पण फडताळे सगळी हलवली होती. जुन्या घरात हात घातला की मीठ सापडे, तिथे नव्या घरात साबण निघत होता. त्यात मास्तरांनी जागोजागी लिहून ठेवलेल्या सूचना: 'इथे हात लावू नये.' 'इथे हात लावला होता, पस्तावलो.' नेल्मा वही घेऊन त्यांच्या टेबलाशी जायची.

"मास्तर, होर्तेन्सियामावशी प्रत्येक कंस बंद झाला की क्षणभर थांबते. का?"

"ती तशीच होती. कुणी घरातून बाहेर पडलं की दार नीट लागलंय का ते बघायला स्वतः उठायची."

"पण त्यानं सगळं हळू होतं ना."

"हळू होत होतं खरं. पण त्या घरात कधी चोरी झाली नाही."

नेल्माने थांबणे तसेच ठेवले. दुसऱ्या आठवड्यापर्यंत तिला मास्तरांच्या तीन मावश्या, दोन साडू आणि एक कर्जबुडवा चुलतभाऊ यांचे स्वभाव तोंडपाठ झाले. हा चुलतभाऊ घेतलेली मेमरी कधी परत करत नसे. मात्र मास्तर स्वतः नव्या मशीनला बोट लावायला तयार नव्हते. "तू कर. मी शुक्रवारी बघेन," एवढेच म्हणत.

नेल्माने सुरुवातीला एक गोष्ट सोपी करून घेतली होती. बटणे तिने गार्साचीच ठेवली. कॉलेजपासून तिची बोटे गार्सावरच वळलेली होती, आणि जुन्या कारखान्यात तिची पहिल्या दिवसापासून तारांबळ उडत असे. गार्सामध्ये लिहिलेले जतन करायचे ते एफ नऊ दाबून. मास्तरांच्या कारखान्यात जतन करायला एफ चार होते आणि एफ नऊ म्हणजे थेट कोम्पाद्रे. बोट पडले की निरोप निघालाच. म्हणूनच जुन्या कीबोर्डांवर त्या बटणाला नखांच्या लाल रंगाचा ठिपका दिलेला होता. तो रंग सेनोबियाचा. सेनोबिया कार्यालयाची झाडलोट आणि चहापाणी बघे. तिच्या पोलेऱ्याची, त्या घेरदार घागऱ्याची, सळसळ ऐकू आली की उरिओस्तेबाईदेखील खुर्चीत सरळ बसत.

तिसऱ्या आठवड्यात मास्तरांचे काहीतरी बिनसले. जेवायच्या सुट्टीत ते घरी जाईनासे झाले. सकाळी डोळे तांबारलेले असत. टेबलावर पाठमोरे वाकून ते एका कागदावर बारीक अक्षरात काही लिहीत आणि नेल्माची चाहूल लागताच कागद ड्रॉवरमध्ये सरकवत.

"राजीनामा लिहितोय," सेनोबियाने निदान केले. "माझा नवरा खाणीतली नोकरी सोडताना असाच पाठमोरा बसायचा. आठ दिवस लागले त्याला. लिहिता येत नव्हतं म्हणा."

"पण का? कारखाना तर जवळजवळ हलला!"

"कारखाना हलला, माणूस हलला का? एकसष्टाव्या वर्षी परक्याच्या स्वयंपाकघरात उभं राहून बघ, मग कळेल. तुझं काय, तुझी बोटं ओली माती आहेत."

नेल्माने डबा बंद केला. गेली तीन वर्षे तिला जे काही येत होते, ते या माणसाने शेजारी बसवून शिकवले होते; आणि त्याच्याच घराची तिने अशी मांडणी केली होती की त्यालाच तिथे चाचपडावे लागावे. त्या दिवसापासून तिने नवे काम हाती घेतले. कारखान्यात एकशे बेचाळीस बटणांच्या खुणा होत्या. गार्साची रीत मोडून, त्याच्या नियमांना वळसे घालून, तिने एकूण एक खूण जुन्या तेरोसारखी करून ठेवली. त्यात तिची स्वतःची बोटे रोज अडखळत होती, पण तिने ती दामटून वळवली. मास्तरांना यातले काही सांगितले नाही. शुक्रवारी ते बसतील, बोटे आपसूक जिथल्या तिथे पडतील आणि त्यांचा चेहरा बघायला मिळेल, एवढीच तिची इच्छा होती.

शुक्रवार उजाडला तोच बँडच्या आवाजाने. वरच्या गल्लीतली मंडळी कार्निवालची तालीम करत होती. कार्यालयातही त्या दिवशी यंत्रांची, टेबलांची, पाइपांची 'चाल्या' असते; धरणीला, पाचामामेला, पहिला घोट वाहायचा आणि वर्षभर राबलेल्या वस्तूंवर रंगीत कागदाचे कपटे उधळायचे. बिअरच्या दोन पेट्या आवारातल्या टाकीत गार होत पडल्या होत्या. सेनोबियाने पहाटेच येऊन नव्या कॉम्प्युटरांना कागदी झिरमिळ्यांचे हार घातले होते आणि आता ती अल्कोहोलची बाटली घेऊन त्यांच्याकडे निघाली होती.

"मशीनवर नको, सेनोबिया!" उरिओस्तेबाई ओरडल्या.

"चारच थेंब. चार कोपऱ्यांना."

"टेबलाच्या कोपऱ्यांना."

"बरं, टेबलाच्या. मशीन रुसलं तर मला सांगायचं नाही."

कंपनीचा माणूस अकराला आला. बाल्दिविएसो त्याचे नाव. सखल प्रदेशातला, कोटाच्या आत पातळ सदरा आणि विरळ हवेमुळे ओठ निळे. सेनोबियाने त्याच्या हातात कोकाच्या पानांचा चहा दिला आणि त्याला भिंतीला टेकवून बसवले. "हळू श्वास घे रे बाबा. इथे हवासुद्धा पुरवून वापरावी लागते."

मास्तर नव्या मशीनपुढे बसले. केस पाणी लावून विंचरलेले होते. नेल्मा त्यांच्या खुर्चीमागे उभी राहिली.

"एखादा निरोप लिहा, तपासा आणि जतन करा," उरिओस्तेबाई म्हणाल्या. "पाठवायचा नाही. एवढं दिसलं की बास."

"काय लिहू?"

"काहीही लिहा."

मास्तरांनी क्षणभर आवाराकडे पाहिले आणि मनात होते तेच लिहिले: 'आज दुपारी बारा वाजता संस्थेच्या आवारात चाल्या आहे. बिअर गार आहे. सर्वांनी सहकुटुंब यावे. आपली, पाणी सहकारी संस्था.' होर्तेन्सियामावशी उठल्या, दारे बघून आल्या, कुठेही चूक नसल्याचे त्यांनी सांगितले. बाल्दिविएसोने बसल्या जागेवरून मान हलवून दाद दिली.

"वा!" उरिओस्तेबाई म्हणाल्या. "आता जतन करा."

मास्तरांनी वळून नेल्माकडे पाहिले. त्या नजरेत एक लपवलेला खोडकर अभिमान होता; तिला त्याचा अर्थ लागला नाही. मग त्यांचे बोट उचलले गेले आणि एफ चारकडे न वळता, जराही न अडखळता, पटावरच्या हत्तीसारखे सरळ एफ नऊवर जाऊन बसले.

"मास्त..." एवढेच नेल्माच्या तोंडून निघाले.

प्रथम उरिओस्तेबाईंचा फोन किणकिणला. मग सेनोबियाच्या पोलेऱ्याच्या आतल्या खिशातला. मग नेल्माचा, मग मास्तरांचा. कारण सगळेच संस्थेचे सभासद होते. पाठोपाठ खिडकीखालच्या फळवालीचा फोन वाजला, समोरच्या न्हाव्याचा वाजला, आणि वरच्या गल्लीतला बँड मधेच थांबला.

"पाठवला?" उरिओस्तेबाईंनी अगदी हळू विचारले.

"जतन केला," मास्तर म्हणाले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "मी जतनच केला, बाई."

"किती घरांना गेला?"

नेल्माने दोन बटणे दाबली. कारखान्याने तत्काळ उत्तर दिले. "अकरा हजार चारशे. पोचला अकरा हजार दोनशे एक्याण्णवांना. उरलेल्यांचे फोन बंद आहेत."

उरिओस्तेबाई बाल्दिविएसोकडे वळल्या. "तुमच्या पॅकेजमधून गेलेला निरोप परत बोलावता येतो?"

"नाही, बाई. कुणालाच येत नाही."

"मग निदान दुरुस्तीचा निरोप?"

"तो जातो ना. विनंती नोंदवायची, कामाच्या दोन दिवसांत जातो. सोमवार-मंगळवार कार्निवालची सुट्टी धरली तर..." त्याने बोटे मोजली. "गुरुवार. अगदी पहाटे."

"नेल्मा, लिहून घे. 'आधीचा निरोप चुकून गेला आहे. चाल्या फक्त कर्मचाऱ्यांसाठी आहे. बिअरच्या दोनच पेट्या आहेत. क्षमस्व.' पाठव."

दुरुस्तीचा निरोप चार मिनिटांत अकरा हजार घरांत पोचला. मास्तरांच्या कारखान्याने इतक्या चपळाईने आजवर कधीच काम केले नव्हते. पण सेनोबियाने आपल्या फोनवर तो वाचला आणि कपाळावर हात मारला.

"हे काय करून बसलात, बाई?"

"का? स्पष्ट तर लिहिलंय!"

"तुमच्या सुक्रेत असेल स्पष्ट. इथे बोलावणारा असंच म्हणतो. फार काही नाही, घरचेच चौघं, दोन घोट आहेत, गोड मानून घ्या. एवढं नम्र बोलावणं आल्यावर न येणारा माणूस कसला? आणि दोनच पेट्या आहेत हे कळल्यावर रिकाम्या हातानं येणारा तरी कसला?"

बारा वाजले, पण कुणी आले नाही. सव्वाबारा झाले. साडेबाराला उरिओस्तेबाईंनी फाटकाबाहेर डोकावून पाहिले. चढावर एक कुत्रे तेवढे झोपले होते. त्यांनी तासाभरात पहिल्यांदा पूर्ण श्वास घेतला. "बघितलंत? लोक शहाणे असतात. बाराचं आमंत्रण होतं आणि साडेबारापर्यंत चिटपाखरू नाही."

मास्तर, नेल्मा आणि सेनोबिया यांनी एकमेकांकडे पाहिले. अखेर भिंतीशी बसलेला बाल्दिविएसोच दया येऊन म्हणाला, "बाई, आमच्याकडेसुद्धा बाराचं बोलावणं म्हणजे दीड असतं."

एक वाजून वीस मिनिटांनी पहिले जोडपे आले. आजोबांच्या खांद्यावर बिअरची पेटी होती आणि आजींच्या हातात फडक्याने झाकलेले पुचेरोचे, मांसाच्या रश्श्याचे, पातेले. मग फळवाली आली, न्हावी आला आणि त्याची दोन गिऱ्हाइके, एकाची अर्धीच दाढी झालेली. दोन वाजता चढाच्या दोन्ही बाजूंनी माणसे येऊ लागली. पेट्या इतक्या जमल्या की तक्रारींच्या खिडकीपुढे त्यांची भिंत उभी राहिली. अडीचला वरच्या गल्लीतला बँड अख्ख्या लवाजम्यासह आत शिरला आणि मोठ्या ढोलवाल्याने उरिओस्तेबाईंच्या डोक्यावर ओंजळभर रंगीत कपटे उधळून "चांगल्या मुहूर्तावर होऊ दे!" असा आशीर्वाद दिला. पोरे फुग्यांत पाणी भरायला संस्थेच्याच नळाशी रांग लावून उभी राहिली. बाल्दिविएसोचा टाय कुणी तरी पंपाला हार म्हणून बांधला होता. तो स्वतः दोन आजीबाईंच्या मधे, हात धरून, रिंगणात नाचत होता आणि त्याच्या ओठांचा रंग परत आला होता.

नेल्मा मास्तरांना शोधत फिरली. ते आत, त्याच खुर्चीत, अंधारलेल्या स्क्रीनपुढे बसले होते.

"बाईंना सांगून आलो," ते म्हणाले. "चूक माझी. कारखान्याला दोष देऊ नका, पोरीनं सगळं चोख केलंय. तक्रारींच्या खिडकीवर मी सोमवार... नाही, बुधवारपासून बसतो."

"पण मास्तर, तुम्ही एफ नऊ का दाबलं? जन्मभर एफ चार दाबत आलात!"

मास्तरांनी ड्रॉवर उघडून तो कागद काढला. नेल्माने राजीनामा वाचायची तयारी केली. बारीक अक्षरांत दोन रकाने होते. डावीकडे गार्साची बटणे, उजवीकडे खुणेसाठी एकेक नातेवाईक. 'एफ नऊ: जतन. (नऊ मुलं, सगळी जतन केली: आजी.)' खाली तारीखवार सरावाची नोंद होती. रोज दोन तास, भाच्याच्या लॅपटॉपवर.

"तू बटणं त्या गार्साची ठेवली होतीस. मी पहिल्याच आठवड्यात मागून पाहिलं होतं," मास्तर म्हणाले. "म्हटलं, पोरीची बोटं तिथं रुळलीत. माझी दोन वर्षं राहिली, तिला अजून तीस काढायची आहेत. माझ्यासाठी तिनं का वाकडं चालावं? म्हणून मीच शिकलो. चोरांची भाषा आहे, पण शिकायला बरी आहे. मेल्यांनी फडताळं खरंच सोयीची केलीत."

नेल्माला हसावे की रडावे ते समजेना. मग दोन्ही झाले. "आणि मी तीन आठवडे खपून सगळी बटणं तुमची केली, मास्तर. एकशे बेचाळीस. तुम्हाला परक्या घरात चाचपडायला नको म्हणून."

बाहेर ढोल वाजत होता. मास्तरांनी विचारले, "चुलतभावाचंसुद्धा?"

"त्याचंसुद्धा."

"वेडी पोरगी," ते म्हणाले आणि स्वेटरच्या बाहीने त्यांनी चष्मा पुसला, म्हणजे आणखी धूसर केला.

दारात उरिओस्तेबाई उभ्या होत्या. केसांत कपटे, गळ्यात झिरमिळ्यांचे तीन हार, हातात कुणीतरी जबरदस्तीने दिलेला पेला. त्यांनी किती ऐकले होते कोण जाणे.

"बाहेर एक आजीबाई आहेत," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षं सभासद आहेत. मला म्हणाल्या, तुमच्या संस्थेचा निरोप आला की माझ्या पोटात गोळा येतो, हा पहिलाच निरोप हसून वाचला. आता मी त्यांना काय सांगू? चुकून गेला म्हणून?" त्यांनी पेल्यातली चार बोटे बिअर नियमाप्रमाणे आधी जमिनीवर सांडली, आणि ती नेमकी स्वतःच्याच बुटांवर पडली. "तो बाल्दिविएसो नाचतोय. त्याला मी सांगितलं. पॅकेज नको. कारखाना राहील. बुधवारी बोलू."

बुधवारी, कार्निवाल संपल्यावरच्या रितीप्रमाणे, चर्चमधून कपाळाला राख लावून सगळे कामावर आले. आवार धुऊन काढायला सेनोबियाला सकाळचे अकरा वाजले. उरिओस्तेबाईंनी दोघांना समोर बसवले. त्या पूर्ववत मोजके बोलू लागल्या होत्या.

"अट एकच आहे. बटणांची एकच रीत ठरवा. तुमची किंवा तिची. पुन्हा घोळ नको."

"तिची," मास्तर म्हणाले.

"मास्तरांची," नेल्मा म्हणाली.

"तुम्हीच ठरवा. मला संध्याकाळपर्यंत सांगा."

ठरवायला ते दोघे दहा वाजता बसले होते. जेवणाच्या वेळी आवाज जरा चढलेले होते.

"हट्ट करू नकोस! मला सवय झालीय आता!"

"तीन आठवड्यांत कसली सवय? मला तुमची झालीय!"

"भांडताय की काय?" सेनोबियाने दारातून विचारले.

"नाही, आग्रह करतोय," दोघेही एकदम ओरडले.

संध्याकाळी कुणीच माघार घेतली नाही. गुरुवारी सकाळी उरिओस्तेबाईंनी संगणक उघडला तर त्यावर दोन कारखाने होते. एकाचे नाव 'मास्तर'. तो नेल्माने रात्रीतून वेगळा काढला होता आणि त्यात सगळी बटणे तेरोची होती. दुसऱ्याचे नाव 'नेल्मा'. तो मास्तरांनी वेगळा काढला होता आणि त्यात सगळी बटणे गार्साची होती. मावश्या, साडू आणि चुलतभाऊ दोन्ही घरांत सारखेच नांदत होते.

उरिओस्तेबाईंनी दोन्ही उघडून पाहिले. मग केबिनच्या उघड्या दारातून त्यांचा फोनवरचा आवाज नेल्माच्या कानावर आला.

"बाल्दिविएसो? नाही, नाही, पॅकेज नकोच आहे... टाय सापडलाय, पाठवते. मी दुसरंच विचारत होते. तुमच्याकडे एखादा सुटा माणूस आहे का? प्रोग्रॅमर नसला तरी चालेल. या दोघांच्या मधे बसायला हवाय."

नेल्माने मान खाली घातली आणि कीबोर्ड मास्तरांच्या पुढे सरकवला. मास्तरांनी तो तिच्या पुढे सरकवला.